तो एक पॉइंट येण्याआधी उत्तर दे

*"ताई, मी १८ वर्षांची आहे, आठव्या वर्षापासून टेनिस खेळतेय. शाळा यंदा संपली आणि तेव्हापासून फुल टाइम डब्ल्यू१५ (प्रो टेनिसच्या सगळ्यात खालच्या पातळीच्या) स्पर्धा खेळतेय. दोन स्पर्धांमध्ये मेन ड्रॉची पहिली फेरी जिंकले, म्हणून डब्ल्यूटीएचे, म्हणजे मुलींच्या जागतिक क्रमवारीचे दोन पॉइंट आहेत, पण त्या यादीत नाव यायला तीन स्पर्धांमध्ये पॉइंट लागतात. म्हणजे अजून एक हवाय. त्यानंतर मात्र मेन ड्रॉच्या आधीच्या फेऱ्या, क्वालिफाइंगच पार होत नाहीये, शेवटची मॅच टायब्रेकमध्ये ८-१० हरले. कोच म्हणतात अजून एक वर्ष दे, तुझ्यात गेम आहे. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या टीमकडून ऑफर आलीय, फी आणि राहणं जवळजवळ सगळं कव्हर होतंय, जानेवारीत जॉइन व्हायचं आणि उत्तर या महिनाअखेर द्यायचं. पुढच्या महिन्यात एकाच ठिकाणी सलग तीन डब्ल्यू१५ आहेत, तिथे एंट्री टाकलीय. कॉलेजच्या कोचकडून थोडे दिवस वाढवून घ्यावेत, पॉइंट आला तर टूर, नाही आला तर कॉलेज, असं डोक्यात आहे. बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय, आईने माझ्याबरोबर फिरायला नोकरी सोडली. कॉलेजला गेले तर दहा वर्षं पाण्यात गेली असंच वाटणार. मी टेनिस सोडतेय का? (सर्व्ह करताना खांदा दुखतो, पण ते अजून कुणाला सांगितलं नाहीये.) – एका पॉइंटवर अडकलेली"*

अगं, आधी त्या कंसातलं. दहा ओळी कर्जावर आणि पॉइंटवर आणि खांदा कंसात, हे काही बरोबर नाही. उद्या आईला सांग, कोचला सांग आणि स्पोर्ट्सच्या डॉक्टरकडे जा. वरून सर्व्ह मारणाऱ्या खेळाडूचा खांदा आणि कंबर या दोन गोष्टी दुखायला लागल्या की गोळी घेऊन आणि टेप लावून ढकलायच्या नसतात, विशेषतः १८ व्या वर्षी, आणि तुझ्या क्वालिफाइंगच्या पराभवांचं अर्धं कारण कदाचित तिथेच असेल. दुखतंय म्हणून सेकंड सर्व्ह नुसताच ढकलतेस का, हे तुझं तुला माहीत असणार. तपासणी होईपर्यंत पुढच्या महिन्याचा विचारच करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुझा तो प्लॅन, पॉइंट आला तर टूर नाहीतर कॉलेज, तो मला अजिबात पटला नाही, आणि मी हे पत्र तेवढ्यासाठीच लिहायला घेतलं.

तो पॉइंट कसा येतो ते बघ ना. तीन आठवड्यांत कुठल्या तरी एका ड्रॉमध्ये तू क्वालिफाय होतेस, पहिल्या फेरीत समोर एखादी थकलेली मुलगी येते, आदल्या आठवड्यात फायनल खेळून रात्रभर प्रवास करून आलेली, दुसऱ्या सेटमध्ये तिचा घोटा मुरगळतो आणि ती मॅच सोडते. झाला तुझा पॉइंट. किंवा उलटं, तू आयुष्यातलं सगळ्यात भारी टेनिस खेळतेस आणि क्वालिफाइंगच्या शेवटच्या फेरीत, जिथे तिसरा सेटच नसतो, दहा पॉइंटचा टायब्रेक असतो, तिथे ८-८ ला तिचा एक बॉल नेटच्या पट्टीला लागून तुझ्या बाजूला पडतो. गेला पॉइंट. या दोन्हींतून तू किती चांगली खेळतेस याबद्दल काय कळलं? काहीच नाही. आणि तू मात्र पुढची चार वर्षं कुठे जायचं, कर्ज वाढवायचं का, आईने परत नोकरी बघायची का, हे सगळं त्या नेटच्या पट्टीवर सोडून मोकळी होणार.

मला वाटतं तुला ते मनातून हवंय पण, कारण मग निर्णय तुझा राहत नाही. पॉइंट आला तर नशिबानेच सांगितलं आणि नाही आला तरी नशिबानेच सांगितलं, कुणाला तोंड द्यायला नको. मी समजू शकते गं, दहा वर्षं दुसऱ्यांच्या कष्टांवर खेळलेल्या मुलीला स्वतःच्या तोंडाने 'मला हे हवंय' म्हणणं किती जड जात असेल. पण हे म्हणावंच लागणार.

आणि समजा आलाच पॉइंट. नंबर लागला, यादीत नाव आलं, स्क्रीनशॉट सगळ्या ग्रुपवर गेला. तो नंबर हजाराच्या बराच पलीकडचा असणार हे तुला माहितीये. पॉइंट ५२ आठवडे टिकतात, म्हणजे तुझा पहिला पॉइंट ज्या आठवड्यात आला त्याच्या वर्षभराने तो गळणार, आणि तो गळायच्या आत नवीन नाही आला तर तीन स्पर्धांची अट परत मोडली आणि नाव परत यादीबाहेर. म्हणजे या एका पॉइंटने तू आत येतेस आणि लगेच आतच राहण्यासाठी पळायला लागतेस. त्याने डब्ल्यू१५ ची एंट्री थोडी सोपी होईल, बस. ग्रँड स्लॅमच्या नुसत्या क्वालिफाइंगला नाव लागायचं तर नंबर साधारण सव्वादोनशे ते अडीचशेच्या आसपास लागतो, मधलं अंतर केवढं आहे बघ.

पैशांचं पण बोलूया, कारण तुझ्या घरी त्याबद्दल कुणी नीट बोलत नाहीये असं पत्रावरून वाटतं. डब्ल्यू१५ म्हणजे अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर, सिंगल्स डबल्स सगळं मिळून. मेन ड्रॉच्या पहिल्या फेरीत हरलीस तर हातात दोनशे डॉलरसुद्धा येत नाहीत आणि त्यातून टॅक्स कापला जातो. क्वालिफाइंगमध्ये हरलं तर पैसेही नाहीत आणि पॉइंटही नाही. आयटीएफनेच, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशननेच, २०१३ च्या आकड्यांवर एक मोठा अभ्यास केला होता, त्यात निघालं की त्या वर्षी जवळपास १४,००० खेळाडू प्रोफेशनल स्पर्धा खेळले आणि त्यातल्या जवळजवळ अर्ध्यांनी बक्षिसाचा एक पैसासुद्धा कमावला नाही, आणि मुलींमध्ये खर्च आणि कमाईची तोंडमिळवणी व्हायची ती २५३ व्या नंबरला, मुलांमध्ये ३३६ व्या. तेही कोचचा खर्च न धरता! आकडे जुने आहेत, बक्षिसं नंतर वाढलीत, पण विमानं आणि हॉटेलंही वाढलीत. सुमित नागलने २०२३ मध्ये सांगितलं होतं की त्याच्या बँकेत ९०० युरो आहेत, आणि तो तेव्हा जगात दीडशे ते दोनशेच्या दरम्यान होता, भारतात एक नंबर होता. पुढच्याच वर्षी तो पहिल्या सत्तरात पोचला हेही खरं. पण ९०० युरोवर असतानाही खेळत राहायचं तर मागे कुणीतरी लागतं, आणि तुझ्या बाबतीत ते कुणीतरी म्हणजे बाबांचं कर्ज आहे.

त्यामुळे एक काम कर, बाबांकडे बसून आकडा विचार. किती काढलंय, हप्ता किती, कधीपर्यंत. ते म्हणतील 'पैशाचं तू बघू नकोस, तू खेळ', सगळेच बाबा हेच म्हणतात. तरी विचार. परत फेडायचंय म्हणून नाही विचारायचं, तू १८ ची झालीस आणि तुझ्या नावाने घेतलेल्या निर्णयाचा आकडा तुला माहीत असायला हवा म्हणून. आता तुझ्या डोक्यात तो आकडा नुसता एक धाक होऊन बसलाय, खरा आकडा कळला की त्यावर निदान बोलता तरी येईल.

आणि 'दहा वर्षं पाण्यात गेली' हे वाक्य मला फार लागलं. तू अजून एक वर्ष क्वालिफाइंग खेळलीस म्हणून आईने सोडलेली नोकरी परत येणार आहे का? नाही ना. जे खर्च झालं ते झालं, तू पुढे काहीही केलंस तरी ते तेवढंच राहणार आहे. पुढच्या वर्षाचा विचार करताना फक्त पुढच्या वर्षाचं बघायचं, काय लागणार आहे आणि काय मिळू शकतं. आईवडिलांच्या कष्टाचं ओझं घेऊन तिसऱ्या सेटमध्ये सर्व्ह करायला उभं राहणाऱ्या मुलीचा हात मोकळा सुटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार.

कोचबद्दल जरा सांभाळून लिहिते. ते खोटं बोलतायत असं मला म्हणायचं नाही, त्यांचा तुझ्यावर जीव असेल. पण तू गेलीस तर त्यांची फी जाते आणि त्यांचं नावही जातं, मग त्यांच्याकडून सरळ उत्तर मिळणं अवघड आहे. 'गेम आहे' याला काही अर्थ नाही, तुझ्या लेव्हलला क्वालिफाइंग खेळणाऱ्या प्रत्येकीत गेम असतो. त्यांना नेमकं विचार. माझे सेकंड सर्व्हवरचे किती पॉइंट जिंकले जातात? हजारच्या आतल्या मुलींशी खेळताना मी कुठे कमी पडते, आणि ते वर्षभरात कसं भरून काढणार, कुठल्या महिन्यात काय? वर्षाअखेर काय झालं तर तुम्ही स्वतःच म्हणाल की आता थांब? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर समज की ते एक वर्ष दुसरं वर्ष मागणार. आणि हेच प्रश्न अशा एखाद्या कोचला विचार ज्याला तुझ्याकडून फी मिळत नाही. त्याला दोन मॅचचे व्हिडिओ दाखव, एक जिंकलेली आणि एक ८-१० ची.

आता कॉलेज. तू 'टेनिस सोडतेय का' असं विचारलंस म्हणून सांगते, तिथे तू आत्तापेक्षा जास्त मॅच खेळशील. आत्ता काय होतं? रविवारी किंवा सोमवारी क्वालिफाइंगला हरलं की अख्खा आठवडा रिकामा. कोर्ट मिळालं तर मिळालं, प्रॅक्टिसला पार्टनर शोधत फिरायचं, स्वतःची रॅकेट स्वतः स्ट्रिंग करायची, बेसिनमध्ये कपडे धुवायचे, पुढच्या स्पर्धेपर्यंत कुठे राहणं स्वस्त पडेल ते बघायचं. आठवड्याला एक मॅच, कधी दोन. त्याने खेळ वाढत नाही गं, मॅचने वाढतो. कॉलेजमध्ये सीझनला टीमच्या लढती असतात, आधी डबल्सच्या तीन मॅच मिळून एक पॉइंट आणि मग सहा सिंगल्स, सातपैकी चार ज्याचे ती टीम जिंकली. तू चार नंबरला खेळत असशील आणि स्कोअर ३-३ असेल आणि बाकी पाचजणी तुझ्या कोर्टाच्या बाजूला ओरडत उभ्या असतील, अशी मॅच तू अजून खेळलेलीच नाहीयेस. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत टीमची प्रॅक्टिस, फिटनेसची माणसं, फिजिओ (तुझा तो खांदा!), आणि मे ते ऑगस्ट सुट्टीत डब्ल्यू१५ आणि त्याच्या वरच्या डब्ल्यू३५ खेळायला मोकळीक. हे सगळं बाबांच्या कर्जात भर न टाकता, आणि शेवटी हातात डिग्री.

डॅनियल कॉलिन्स व्हर्जिनियाच्या टीमकडून खेळली, २०१४ आणि २०१६ मध्ये कॉलेजची सिंगल्स चॅम्पियन झाली, डिग्री घेतली, मग टूरवर आली आणि २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल खेळली. जेनिफर ब्रेडी यूसीएलए कॉलेजची, २०२१ ला त्याच स्पर्धेची फायनल. एमा नवारो व्हर्जिनियाचीच, २०२४ ला यूएस ओपनची सेमी. आणि २०२५ चं शांघाय मास्टर्स आठवतंय? व्हॅलेंटिन वाशरो, २०४ नंबरचा, क्वालिफाइंगमधून येऊन जिंकला आणि फायनलला समोर त्याचाच मावसभाऊ रिंडरनेच, दोघेही टेक्सस ए अँड एमच्या कॉलेज टीममधून आलेले. पण ही नावं वाचून तू पण तिथे पोचशील असं मी म्हणत नाहीये, नवारो ज्युनियरमध्येच जगातल्या पहिल्या काहीजणींत होती. माझं म्हणणं एवढंच की कॉलेजमधून टूरचं दार बंद होतं ही जी भीती आहे ना तुझ्या मनात, ती आता जुनी झालीय.

मग माझं मत काय ते सरळ सांगते, ऑफर घे. १८ व्या वर्षी दोन पॉइंट, क्वालिफाइंगमध्ये अडकलेली, खांदा दुखतोय, घरावर कर्ज, आणि समोर जवळजवळ पूर्ण स्कॉलरशिप. यात मला दुसरी बाजू जड करणारी एकच गोष्ट असती, ती म्हणजे तू नियमितपणे नंबर बराच वर असलेल्या मुलींना हरवत असतीस. तसं असतं तर तू ते पत्रात पहिल्या ओळीत लिहिलं असतंस.

मात्र हो म्हणण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घे. प्रत्येक कॉलेजमध्ये कंप्लायन्स ऑफिस असतं, खेळाडूंच्या नियमांचं बघणारं. शाळा संपल्यावर किती महिन्यांत जॉइन झालं पाहिजे, त्या मुदतीनंतर स्पर्धा खेळलं तर एखादा सीझन जातो का, आत्तापर्यंत मिळालेलं बक्षीस चालतं का आणि पुढे किती चालेल, हे नियम कडक आहेत आणि अलीकडे सारखे बदलतायत, कोर्टात केसेस झाल्यात. त्यामुळे कोच काय म्हणाले, मैत्रिणीचं काय झालं, यावर जाऊ नकोस. तुझ्या सगळ्या स्पर्धांची यादी तारखा आणि रकमांसकट मेल कर आणि उत्तर मेलवरच घे. पुढच्या महिन्याच्या त्या तीन स्पर्धा खेळलेल्या चालतील का हेही त्यातच विचार. स्कॉलरशिप एका वर्षाची की चारही, जखमी झालीस तर काय, 'जवळजवळ सगळं' मध्ये नेमकं काय बसत नाही (इन्शुरन्स? पुस्तकं? सुट्टीतलं राहणं?), आणि टीममध्ये तू कितव्या नंबरला खेळशील असं त्यांना वाटतं. शेवटच्या तीन-चार वर्षांत त्या टीममधून कोणी टूरवर गेलंय का हे पण बघ, आणि आत्ता टीममध्ये असलेल्या दोन मुलींशी कोच नसताना बोल. त्या काय सांगतात आणि काय टाळतात ते कान देऊन ऐक.

आणि तिथे गेल्यावर पहिल्या दोन उन्हाळ्यांकडे मी बारीक लक्ष ठेवेन तुझ्या जागी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तू टीममध्ये पहिल्या दोन नंबरांत असशील आणि सुट्टीतल्या स्पर्धांत नंबर असलेल्या मुलींना हरवत असशील, तर टूरचा विचार परत काढ, पूर्ण जोराने काढ, तेव्हा तुझं अंग आणि डोकं दोन्ही २० वर्षांचं असेल. तसं नसेल झालं तर उरलेली दोन वर्षं टीमसाठी मनसोक्त खेळ, डबल्सकडे बघ, अभ्यासात काय आवडतंय ते बघ. टेनिसमध्ये राहायचे बाकीचेही रस्ते आहेत आणि ते कमीपणाचे नाहीत. साशा बायिन सेरेना विल्यम्सचा हिटिंग पार्टनर होता वर्षानुवर्षं, नंतर नाओमी ओसाकाचा कोच झाला आणि त्याच्याबरोबर तिने २०१८ चं यूएस ओपन आणि २०१९ चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं. पण हे नंतरचं, आत्ता यावर झोप घालवू नकोस.

अजून एक, तू लिहिलं नाहीस पण ओळींच्या मधून मला वाटलं, की तू दमलीयेस. तुला थोडे महिने रॅकेट बघायचीच नसेल तर तेही बोलून टाक. अ‍ॅश बार्टीने २०१४ च्या शेवटी, १८ व्या वर्षीच, टेनिस बाजूला ठेवलं, काही काळ चक्क क्रिकेट खेळली, २०१६ ला परत आली आणि २०१९ ला फ्रेंच ओपन जिंकली आणि त्याच महिन्यात एक नंबर झाली. ती तुझ्यापेक्षा फार पुढे होती तेव्हा, विम्बल्डनची ज्युनियर चॅम्पियन होती, त्यामुळे तुलना नको. पण दमणं खरं असतं आणि ते बोलता येतं, एवढं घे त्यातून. जानेवारीपर्यंत तुझ्याकडे थोडा वेळ आहे, खांद्यालाही तो हवाच आहे.

आता त्या तीन स्पर्धा. डॉक्टरने खेळू दिलं आणि कंप्लायन्सवाल्यांनी चालेल म्हटलं, तर जा. पण कॉलेजला हो किंवा नाही कळवून जा. क्रम हा असू दे, आधी उत्तर, मग स्पर्धा. तू नाही म्हणालीस आणि टूर निवडलीस तरी मी तुझ्यावर रागावणार नाही, ते तुझं आयुष्य आहे, पण तेही स्पर्धांच्या आधी ठरव आणि बाबांचा आकडा आणि कोचची लेखी उत्तरं समोर ठेवून ठरव. एकदा उत्तर गेलं की तो तिसरा पॉइंट नुसता पॉइंट राहील, मग त्याच्या मागे जीव तोडून पळ, मला आवडेल तुझं नाव यादीत बघायला. डॉक्टर नको म्हणाले तर विड्रॉवलची डेडलाइन आजच बघून ठेव, उशिरा नाव काढलं तर दंड बसतो.

घरी सांगताना दोघांना एकत्र बसव, बाबांना वेगळं आणि आईला वेगळं सांगू नकोस, नाहीतर दोघं एकमेकांसाठी त्याग करायला लागतील आणि तू परत मधे अडकशील. आणि आईला विचार की तिला परत नोकरी करायचीये का. तुझ्या पत्रात तिने काय सोडलं ते आहे, तिला आता काय हवंय ते नाहीये, तुला ते माहीत आहे का?